पाण्याने घासलेली लांबी

जुनी गाडी घ्यायला आलेला माणूस बोटाच्या पेरानं दारावर टकटक करतो, शेजारच्याकडे बघून मान हलवतो आणि म्हणतो, "लांबी भरलीय." दारात चोर लपवून ठेवल्यासारखं म्हणतो. मला याचा संताप येतो आणि वयाबरोबर तो कमी होत नाही.

लांबी म्हणजे काय, तर पोचा आलेला पत्रा ठोकून सरळ केल्यावर जो केसभर खड्डा राहतोच, तो भरायची राखाडी लापशी. डब्यातून येते, हार्डनर मिसळला की पंधरा मिनिटांत दगड होते, मग घासून पत्र्याला मिळवायची आणि वर रंग. हातोडीनं पत्रा आरशासारखा करून देणारा कारागीर मी अजून पाहिलेला नाही. प्रत्येक दुरुस्त गाडीत लांबी असते. ती कुठली घेतली, किती जाड लावली, कुठे लावली आणि तिच्यावर रंग कधी मारला, एवढंच विचारायचं असतं. पण हे कोणी विचारत नाही. टकटक करतात आणि बदनामी करतात.

आमचं गॅरेज पेणला, हायवेपासून आत वळलं की दुसऱ्या गल्लीत. नवरा डेंटिंग करायचा. बाकी सगळं माझ्याकडे: सामान आणणं, गिऱ्हाइकाशी बोलणं, गाडी कधी मिळेल ते सांगणं. माझी एक मोठी वही होती. डाव्या पानावर गाडी आणि तिची जागा, उजव्या पानावर काय वापरलं, डबा कधी फोडला, कुणी लावलं, कशानं घासलं. नवरा हसायचा. पनवेलचा दुकानदार तर तोंडावर म्हणायचा, "वहिनी, लांबी ती लांबी. एवढं काय निवडताय, लग्नाचा शालू आहे का?"

नसेल शालू. पण फरक आहे, आणि तो मी दुकानात उभी राहून त्याला ऐकवायची. पोच्यावर हार्डनरवाली लांबी, तीही पातळ, दोन हातांत. तिच्या वरच्या सुईएवढ्या भोकांना आणि ओरखड्यांना ट्यूबमधली बारीक पुट्टी. ती जाड थापली की महिन्यात बसते आणि रंगाखाली खळगा दिसतो. कुजून भोक पडलं असेल तर यातलं काहीच नाही, तिथे पत्रा कापून नवा जोडायचा. झाकण नीट न बसलेला डबा घ्यायचा नाही. हार्डनर फार घातला तर वरचा पांढरा रंग पिवळट पडतो. हे सगळं मी अनुभवातून लिहून ठेवलं होतं आणि त्याचा मला अभिमान होता. थोडा जास्तच होता, हे पुढे कळलं.

आमच्याकडे लांबी लावायला आणि रंगाला एक मेस्त्री होता. धरमतरच्या खाडीकडच्या गावचा, पन्नाशीचा. त्याची उमेदीची वर्षं पेणच्या गणपतीच्या कारखान्यात गेली होती. मूर्तीचे डोळे आखायचा. पुढे त्याचेच डोळे अधू झाले. जवळचं धूसर दिसायला लागलं, चष्म्यानंही भागेना, आणि डोळे आखणाऱ्याची रेघ एकदा हलली की कारखान्यात त्याला काम नसतं. तो आमच्याकडे आला. बोटं मात्र शाबूत होती. पत्र्यावरून तळवा फिरवायचा आणि मला ट्यूबलाइटखाली न दिसणारा उंचवटा त्याला डोळे मिटून सापडायचा.

त्याच्या कारखान्यातल्या सवयी त्याच्याबरोबर आल्या. ओल्या वस्तूवर रंग चढवायचा नाही, ही त्यातली मुख्य. लांबी लावून, घासून झाली की तो गाडी तशीच सोडून द्यायचा. मी विचारलं की म्हणायचा, "थांबा वयनी. कच्ची हाय अजून."

"मेस्त्री, ही लांबी आहे. पंधरा मिनिटांत सुकते. डब्यावर लिहिलंय."

"डब्याला काय ठाव आपल्याकडची हवा?"

मला तेव्हा हा हट्ट वाटायचा.

आता पापडांचं सांगते. आमच्या भिंतीपलीकडच्या अंगणात सहा-सात बायका मिळून पापड करायच्या. फेब्रुवारीपासून मे संपेपर्यंत बाजेवर, पत्र्यावर, चटईवर जिथे जागा मिळेल तिथे पापड आणि मिरगुंडं वाळत असायची. त्या वर्षी एप्रिलमध्ये आमच्याकडे एका टेम्पोची पूर्ण बाजू घासायला निघाली. मेस्त्री लांबी नेहमी सुक्या कागदानं घासायचा, त्याची पिठासारखी धूळ उडते. वारा तिकडचा होता. त्या बायकांची पुढारीण सूप घेऊनच आत आली आणि सूप माझ्या टेबलावर आपटलं.

"हे बघा. उडदाचं पीठ किती आणि तुमच्या गाडीचं पीठ किती, सांगा मला वेगळं करून."

"मावशी, चूक झाली."

"चूक खाऊन बघा की. दोन तळून देते."

ती बरोबर होती. मी माफी मागितली आणि त्याच दुपारी मोठ्या अक्षरात नियम लिहून भिंतीवर लावला: लांबी सुकी घासायची नाही. पाणी मारूनच घासायची. पाण्यानं घासायचा काळा कागद बाजारात मिळतोच, आणि आजूबाजूची सगळी गॅरेजं तशीच घासत होती.

मेस्त्रीनं पाटी माझ्याकडून वाचून घेतली. मग म्हणाला, "वयनी, लांबी पानी पिते."

"रंग मारला की बंद होते ना?"

"आत गेलेलं बंद व्हतं. भायेर कसं येनार?"

मी म्हटलं, पापडवाल्यांना हे तुम्ही समजावणार असाल तर सुकी घासा. त्यानं काळा कागद पाण्यात भिजत घातला. दोनदा विसरून त्यानं सुका कागद हातात घेतला आणि दोन्ही वेळा मी सगळ्यांसमोर त्याला बोलले. तिसऱ्यांदा तो विसरला नाही.

जुलैत रोह्याहून एक व्हॅन आली. मालक रोहा ते नागोठणे कंपनीच्या शिफ्टची माणसं ने-आण करायचा. धरमतरच्या जेट्टीकडे एका बार्जवाल्याला भेटायला गेला होता, तिथे मागे घेताना खांबाला घासली. डावी बाजू, सरकत्या दाराखालची पट्टी आणि मागचा मडगार्ड. नवऱ्यानं तीन दिवसांत पत्रा ठोकून सरळ करून दिला. मेस्त्रीनं लांबी लावली, पाणी मारून घासली आणि नेहमीसारखं म्हणाला, "हिला उद्या-परवा काय करू नका. पाऊस बघा कसा हाय."

मालक दारात उभा होता. रोज भाड्याची गाडी लावून शिफ्ट चालवत होता, त्याला घाई असणारच. मी मेस्त्रीला म्हटलं, पंखा लावा आणि संध्याकाळी प्रायमर मारा. त्यानं मारला. दुसऱ्या दिवशी रंग. व्हॅन सुंदर दिसत होती. मालकानं दोन बोटांनी टकटक केली, खूश होऊन गेला.

आता मी स्वतःला जे विचारते ते तिथेच कोणीतरी विचारायला हवं होतं. जुलैत, पेणच्या पावसात, बाहेर पापड कोण वाळत घालतं? अंगण रिकामं होतं. बाजा उभ्या करून पडवीत ठेवल्या होत्या. नियमाचं कारण मेअखेर संपलं होतं आणि नियम भिंतीवर तसाच होता, कारण मी लिहिला होता आणि मी लिहिलेलं पुसत नाही.

ऑक्टोबरात व्हॅन परत आली. दाराखालच्या पट्टीवर फोड आले होते, कांजिण्यांसारखे, आणि मडगार्डचा एक पोपडा सुटून लोंबत होता. मालक उतरला तोच ओरडत. त्याच्याबरोबर रोह्याच्या स्टँडवरचे दोन ड्रायव्हर मजा बघायला आले होते.

"गणपतीचं प्लास्टर भरलंय माझ्या गाडीत. तुमचा हा मेस्त्री कारखान्यातला ना? तिकडची पोती इकडे रिकामी करतोय."

एक ड्रायव्हर म्हणाला, "तरी मी म्हणतोय, शेट, अनंत चतुर्दशीनंतरच गाडी फुटायला कशी लागली."

दुसरा म्हणाला, "विसर्जन झालं ना. आता पुढच्या वर्षी लवकर या."

सगळे हसले. आमचा वेल्डरसुद्धा हसला. मेस्त्री पाण्याच्या पिंपाजवळ उभा होता. तो काहीच बोलला नाही. मी म्हटलं थांबा, वही आणते, कुठल्या डब्यातली लांबी आहे ते सांगते. कपाटातून वही काढून, पान शोधून बाहेर आले तोवर नवऱ्यानं निकाल लावला होता. गिऱ्हाइकासमोर, ड्रायव्हरांसमोर त्यानं मेस्त्रीला सांगितलं होतं, उद्यापासून येऊ नका. मेस्त्रीनं लांबी लावायच्या आपल्या पत्त्या फडक्यात गुंडाळल्या आणि तो निघून गेला. मी त्याची पाठच पाहिली.

मला राग आला तो आधी नवऱ्याचा. तीन मिनिटं थांबता येत नाही? वहीत स्वच्छ लिहिलं होतं: नवा डबा, त्याच दिवशी फोडलेला. प्लास्टरचं नाव नाही. मी व्हॅनजवळ बसले आणि पट्टीवरचा एक फोड पत्तीनं उघडला. आतून पाण्याचा थेंब आला. लांबीचा खवला अख्खा निघाला, घट्ट, कुठे भुगा नाही. प्लास्टर असतं तर बोटात पीठ झालं असतं. खवला उलटा केला तर पाठीवर गंजाचा तपकिरी थर. म्हणजे पाणी आत होतं, ते पत्र्यापर्यंत पोचलं होतं आणि वरून आम्ही रंगानं बूच मारलं होतं.

वहीच्या त्याच ओळीत शेवटी माझ्या अक्षरात होतं: पाण्याने घासली. प्रायमर त्याच संध्याकाळी.

मी लगेच मान्य केलं नाही. मला पुरावा लागतो. सुक्या लांबीचा एक तुकडा वाटीत पाणी आणि निळी शाई घालून त्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी तो मधोमध फोडला. निळा रंग कडेपासून चांगला आत गेला होता. लांबी पाणी पिते. तो अगदी याच शब्दांत म्हणाला होता.

तो तुकडा मी नवऱ्याला जेवताना दाखवला. त्यानं पाहिला, बाजूला ठेवला आणि आमटी वाढून घेतली.

"मग आता काय करायचं म्हणतेस?"

"रोह्याला जाऊन सांगायचं. मेस्त्रीला परत बोलवायचं."

"हे बघ. तो तर गेलाच आहे. त्याच्यावरच राहू दे. आपण चुकलो म्हटलं तर उद्या रोह्याहून एक गाडी येणार नाही."

"त्याला कोण काम देणार?"

"मिळेल कुठेतरी."

मिळत नव्हतं. मी चौकशी केली होती. पेणमधल्या दोन गॅरेजांनी त्याला दारातून परत पाठवलं होतं, आणि कारखान्यात डोळ्यांमुळे वाट बंद होती. बत्तीस वर्षं हातानं जे कमावलं ते माझ्या एका पाटीनं गेलं होतं, आणि माझा नवरा आमटीत लिंबू पिळत होता. त्या रात्रीनंतर आम्ही चार दिवस कामापुरतंच बोललो.

पाचव्या दिवशी मी रोह्याची पॅसेंजर पकडली. पिशवीत वही, लांबीचा खवला आणि निळा तुकडा. व्हॅनवाला स्टँडवर सहा-सात जणांत उभा होता. मला बघून त्यातला एक म्हणाला, "वहिनी, एकट्याच? मूर्ती नाही आणलीत?"

मी म्हटलं, "आणलीय. बघा." खवला त्याच्या हातात दिला. "चुरा करून दाखवा."

त्यानं दाबला. चुरा होईना. मी सगळं सांगितलं: पाटी, पाऊस, प्रायमर, मेस्त्री नको म्हणत होता ते. चूक माझी, प्लास्टर कुठेच नव्हतं. मला वाटलं होतं व्हॅनवाला चिडेल. तो नुसता कंटाळलेला दिसला.

"बरं, पटलं. पण वहिनी, माझी गाडी तर खराब झालीच ना?"

"ती परत करून देऊ. पण तुम्ही प्लास्टर प्लास्टर म्हणत सुटलात ते थांबवा."

"मी थांबवीन हो. पण लोक सांगणारच. तुमची गोष्ट सांगायला अर्धा तास लागतो. प्लास्टरची दोन शब्दांत होते आणि हसायलाही येतं."

एवढा बेशरम खरेपणा मी क्वचित ऐकला आहे. एका माणसाची भाकरी जाते आणि हे लोक गोष्ट आटोपशीर आहे म्हणून चालवतात. मी त्या स्टँडवर त्यांना जे बोलले ते इथे लिहीत नाही. तिकीट खिडकीतला माणूससुद्धा बाहेर आला होता.

दुसऱ्या दिवशी मेस्त्रीच्या गावी गेले. भातकापणी चालली होती. तो भावाच्या शेतात विळा घेऊन वाकला होता. बांधावर त्याची बायको भारे मोजत होती, मला ओळखून तिनं मुद्दाम तोंड फिरवलं.

मी बांधावरूनच सांगितलं, "मेस्त्री, तुमचं बरोबर होतं. रोह्याला जाऊन सांगून आले."

बायको म्हणाली, "आता सांगतेस व्हय? गावात पोरं त्याला पलास्टर म्हनून हाका मारतात. तवा कुठं व्हतीस?"

"गप गो," मेस्त्री म्हणाला, पण फार जोरात नाही.

मी विचारलं, "तुम्ही त्या दिवशी का बोलला नाहीत? तुम्हाला तर माहीत होतं."

"तुमीच बोललेलाव ना मला, सगळ्यांच्या म्होरं. पुन्ना बोललो असतो तं पुन्ना बोलला असताव." विळ्याच्या पात्यावरची माती त्यानं अंगठ्यानं काढली. "आनि काडलं मालकांनी. तुमी नाय. बोलवायचं तं त्यांनी बोलवायला पायजे."

हे नवऱ्याला सांगितलं तर तो आणखी आठ दिवस गेला नाही. त्या आठ दिवसांत घरी काय झालं ते सोडून देते. नवव्या दिवशी सकाळी त्यानं स्कूटर काढली आणि खाडीच्या रस्त्याला गेला. तिथे काय बोलला ते त्यानं मला आजवर सांगितलेलं नाही. सोमवारी मेस्त्री कामावर हजर होता.

रोह्याची व्हॅन त्याच आठवड्यात आली. मेस्त्रीनं दाराखालच्या पट्टीवरून तळवा फिरवला, फोडाखालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरनं टोचला. स्क्रूड्रायव्हर आत गेला. "हितं लांबी नाय चालनार. कापा ह्ये," तो नवऱ्याला म्हणाला. नवऱ्यानं निमूट कापलं आणि नवा पत्रा जोडला. मडगार्डवर लांबी पातळ लागली, सुकी घासली गेली, मी स्वतः तिकडच्या अंगणात कोणी काही वाळत घातलंय का ते बघून आले. मालकानं मला विचारलं, गाडी कधी मिळेल. मी म्हटलं, मेस्त्रीला विचारा. तो जरा घुटमळला, मग त्याच्याजवळ जाऊन त्यानं विचारलं. पाऊस नसतानाही मेस्त्रीनं तीन दिवस सांगितले, आणि मालक तेवढे दिवस निमूट थांबला.

मला वाटलं हिशेब मिटला. मी मेस्त्रीला तसं म्हटलं. तो कागदाची घडी घालत म्हणाला, "रोह्याला बोललाव तुमी. कासूला पन मानसं ऱ्हातात. ती व्हॅन नागोठन्यापरेंत जाते, तितनं कासू काय लांब हाय?"

बरोबर होतं. मी यादी केली. कासूचा स्टेशनबाहेरचा रिक्षा स्टँड. पेणमधली ती दोन गॅरेजं. पनवेलचा दुकानदार, कारण तो सगळ्यांशी बोलतो. नागोठण्याचा व्हॅन स्टँड. मेस्त्रीच्या गावातली पोरं मी त्याच्या बायकोवर सोडली. महिनाभर, सामान आणायला जाता-येता, मी एकेका ठिकाणी खवला आणि निळा तुकडा घेऊन उभी राहिले. कासूला एक रिक्षावाला म्हणाला, "पण प्लास्टर नव्हतंच कशावरून?" त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. पेणच्या एका गॅरेजवाल्यानं ऐकून घेतलं आणि स्वतःच्या कारागिराला काळा कागद खाली ठेवायला सांगितला. दुसऱ्यानं चहासुद्धा विचारला नाही.

शेवटी नागोठणं. तिथे स्टँडवर पाच ड्रायव्हर होते. मी सगळं सांगितलं, तुकडे दाखवले. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. मग त्यातला सर्वांत वयस्क म्हणाला, "वहिनी, आम्ही हे काहीच ऐकलं नव्हतं. म्हणजे त्या मेस्त्रीनं गाडीत गणपतीचं प्लास्टर भरलं असं लोक म्हणतात काय?" आणि तो हसायला लागला. मी पाठ वळवली तेव्हा पाचही जण हसत होते, आणि मागून एक जण दुसऱ्याला "पलास्टर" म्हणाला.

मी तणतणत गॅरेजवर आले आणि मेस्त्रीला सगळं सांगितलं. तो एका दारावर तळवा फिरवत होता. तो थांबलाही नाही.

"मग आता परत नागोठन्याला जा," तो म्हणाला.

मी गेले.